एकच एन्झाइम अडवायचं, बाकीच्यांना धक्का नाही: एपिजेनेटिक कॅन्सर औषध कसं बनवायचं

सिलेक्टिव्ह इनहिबिटर, म्हणजे एकाच एन्झाइमला अडवणारं कंपाउंड, म्हटलं की नवीन पोरांच्या डोळ्यापुढे एक टेबल येतं, डावीकडे वीस एन्झाइमची नावं, उजवीकडे आयसी५० (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला कंपाउंड किती लागतं तो आकडा), आपल्या टार्गेटसमोर छोटा आकडा आणि बाकी सगळ्यांसमोर मोठा, झालं काम. मी बरीच वर्षं बेंचवर हिस्टोन मिथाइलट्रान्सफरेजवर (हिस्टोन प्रोटीनवर मिथाइलची खूण लावणाऱ्या एन्झाइमवर) काम केलंय आणि ते टेबल मलाही हवंच असतं, पण औषध ठरतं ते दुसऱ्याच प्रश्नावर: हे एन्झाइम बंद पडलं तर कॅन्सरची पेशी मरते का, आणि शेजारची चांगली पेशी तगते का? हा प्रश्न पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत धरून ठेवायचा. हवेत बोलण्यापेक्षा एका खऱ्या औषधावरून सांगतो, ईझेडएच२ हे एन्झाइम आणि त्याचं टॅझेमेटोस्टॅट, कारण ह्यात जवळजवळ प्रत्येक पायरीला शिकण्यासारखं काहीतरी आहे.

थोडक्यात पार्श्वभूमी. डीएनए हिस्टोन प्रोटीनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि त्या रिळांच्या शेपटांवर छोट्या छोट्या केमिकल खुणा असतात, कुठलं जीन चालू आणि कुठलं बंद हे बरंचसं ह्या खुणांवर ठरतं, एपिजेनेटिक म्हणतात ते हेच. खुणा लावणारी एन्झाइम असतात, पुसणारी असतात. पहिल्या पिढीची औषधं ह्यातल्या कुणाला एकट्याला पकडत नव्हती. २००६ मध्ये त्वचेच्या टी-सेल लिम्फोमासाठी आलेलं व्होरिनोस्टॅट घ्या, त्याचं हायड्रॉक्सॅमिक अॅसिडचं टोक एन्झाइमच्या आतल्या झिंकला जाऊन चिकटतं, आणि झिंकवर चालणारी एचडॅक (हिस्टोनवरची अॅसिटाइलची खूण पुसणारी) एन्झाइम अकरा आहेत, त्यातल्या बहुतेकांना ते लागतं. मग थकवा, जुलाब, प्लेटलेट खाली. त्याआधीचं २००४चं अॅझासिटिडीन तर डीएनएमध्येच घुसून बसतं. ह्या औषधांनी पेशंटना फायदा झालाय, त्यांना नावं ठेवायची नाहीत, पण डोस वाढवायला जागाच उरत नाही ही त्यांची अडचण, आणि तिथूनच एकच एन्झाइम धरायची खटपट सुरू झाली.

आता टार्गेट कसं निवडायचं. “कॅन्सरमध्ये हे प्रोटीन जास्त दिसतं” एवढ्यावर कधीच जाऊ नका, ते सुतावरून स्वर्ग गाठणं आहे, भराभर वाढणाऱ्या पेशीत शंभर गोष्टी जास्त दिसतात. जेनेटिक्स काय म्हणतं ते बघा. ईझेडएच२चं नशीब उघडलं २०१० मध्ये, कॅनडातल्या एका ग्रुपने फॉलिक्युलर लिम्फोमा आणि मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात ह्या एन्झाइमचा एकच टायरोसिन (प्रोटीनच्या साखळीतला एक अमिनो अॅसिडचा मणी), नंबर ६४१, पुन्हा पुन्हा बदललेला पाहिला (नवीन पेपरमध्ये तोच ६४६ म्हणून येतो, गोंधळू नका). पहिल्यांदा वाटलं एन्झाइम बिघडलंय. पण मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमधल्या एपिझाइम कंपनीच्या लोकांनी त्याच वर्षी बसून कायनेटिक्स, म्हणजे एन्झाइमचा वेग, मोजलं आणि जे निघालं ते मला आजही फार सुंदर वाटतं. ईझेडएच२चं काम एच३ हिस्टोनच्या २७व्या लायसिनवर मिथाइल लावणं, एक, मग दुसरं, मग तिसरं, आणि तिसरं लागलं की तिथलं जीन झोपतं. साधं एन्झाइम पहिलं मिथाइल झटपट लावतं आणि तिसऱ्याला रेंगाळतं, म्युटंट एन्झाइम बरोब्बर उलटं, पहिलं त्याला जमत नाही पण दोनाचे तीन करायला एकदम तयार. आणि पेशंटमध्ये एक कॉपी साधी, एक म्युटंट. म्हणजे एक सुरुवात करून देतं, दुसरं शेवट करतं, दोघं मिळून तिसऱ्या मिथाइलचा ढीग लावतात, आणि बी-पेशीला पुढे मोठं व्हायला जी जीन उघडावी लागतात ती कुलपातच राहतात. असा पुरावा हातात असेल तर त्या टार्गेटवर पाच-सात वर्षं घालायला हरकत नाही.

पण तरी एक प्रयोग चुकवायचा नाही. क्रिस्परने (जीन कापायच्या पद्धतीने) जीन उडवलं आणि पेशी मेली, इतक्यावर खूश होऊ नका. उडवल्यावर त्याच पेशीत एन्झाइमची “मेलेली” आवृत्ती परत टाका, म्हणजे प्रोटीन पूर्ण आहे फक्त मिथाइल लावायची ताकद काढलेली. पेशी तरीही वाचली तर गरज प्रोटीनच्या नुसत्या असण्याची होती, त्याच्या कामाची नव्हती, आणि तुमचा इनहिबिटर कितीही भारी असला तरी काही उपयोग नाही, तिथे प्रोटीनच तोडून टाकणारा डीग्रेडर लागेल. हे पुस्तकी नाही हं, स्विस्निफ कॉम्प्लेक्स (डीएनएची गुंडाळी सैल करणारा प्रोटीनांचा गट) बिघडलेल्या काही कॅन्सर पेशींमध्ये ईझेडएच२ची गरज थोडीफार अशीच, मिथाइल न लावता स्वतःच्या जोडीदार प्रोटीनांचं कॉम्प्लेक्स (पीआरसी२) धरून ठेवण्यापुरती, असल्याचं २०१५ मध्ये दाखवलं गेलं. आणि त्याच बैठकीत उलटी बाजूही बघून घ्या: कुठल्या पेशीत हेच एन्झाइम कॅन्सरला अडवतं? ईझेडएच२च्या बाबतीत उत्तर आहे टी-पेशींचा ल्युकेमिया आणि मायलॉइड (मॅरोतल्या रक्तपेशींचे) आजार, तिथे ते जीन मोडलेलं सापडतं. हे कागदावर लिहून भिंतीला लावा, पुढे परत लागणार आहे.

आता अॅसे, म्हणजे एन्झाइमचं काम मोजायची चाचणी, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार कारण बहुतेक प्रोजेक्ट इथेच आतून पोखरले जातात. ईझेडएच२ एकटं काम करत नाही, त्याला ईईडी आणि सूझ१२ हे दोन जोडीदार लागतातच, म्हणून एन्झाइम नव्हे तर पूर्ण पीआरसी२ कॉम्प्लेक्स बनवावं लागतं, सहसा किड्यांच्या पेशीत. सब्स्ट्रेट (ज्यावर एन्झाइम काम करतं ते) म्हणून छोटं पेप्टाइड, म्हणजे हिस्टोनचा तुकडा, चालतं पण शेवटी न्यूक्लिओसोमवर (डीएनए गुंडाळलेल्या पूर्ण रिळावर) तपासाच, डॉट१एल नावाचं एन्झाइम तर पेप्टाइडकडे बघतसुद्धा नाही. मिथाइल देणारा असतो सॅम, आणि सॅम नाजूक आहे, सकाळी पातळ करून बेंचवर ठेवला आणि दुपारी वापरला तर आकडे सरकलेले दिसतील, बर्फात ठेवा आणि लागेल तेवढाच काढा. प्रतिक्रिया झाल्यावर सॅमचा होतो एसएएच आणि तो स्वतःच ह्या एन्झाइमना अडवतो, म्हणून दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे प्रतिक्रिया जाऊ द्यायची नाही. सगळ्यात भरवशाचं मोजमाप ट्रिटियमवालं, पण आपल्याकडे रेडिओअॅक्टिव्ह काम करायचं तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, ट्रेनिंग, वेगळी जागा हे सगळं लागतं, कॉलेजच्या लॅबमध्ये ते नसेल तर एसएएच मोजणारे प्रकाश देणारे किट आहेत, नाहीतर अँटिबॉडीवाला अॅसे, फक्त जे हिट (एन्झाइमला अडवताना दिसलेली कंपाउंड) मिळतील ते कुठेतरी एकदा दुसऱ्या पद्धतीने ताडून घ्या.

हे “ताडून घ्या” मी का म्हणतोय ते सांगतो. एका लॅबमध्ये आमच्याकडे स्क्रीनिंगमधून एक कंपाउंड आलं होतं, दोन मायक्रोमोलरला छान कर्व्ह (डोस वाढेल तसं एन्झाइमचं काम कसं पडतं त्याचा आलेख), पिवळसर रंग, चारी बाजूंनी सपाट रिंग्ज. सगळे खूश. केमिस्टांनी दीड महिन्यात त्याची तीसएक भावंडं बनवली आणि काही केल्या ताकद वाढेना, एखादा मिथाइल कुठेही लावा, आकडा तिथेच. एका संध्याकाळी मी जुन्या प्लेटचे कर्व्ह परत काढून बघत बसलो तेव्हा लक्षात आलं की स्लोप एक नाहीये, तीनच्या आसपास आहे, शंभर टक्क्यांवरून शून्यावर कडा तुटल्यासारखा खाली. दुसऱ्या दिवशी बफरमध्ये ०.०१ टक्का ट्रायटॉन (एक डिटर्जंट) टाकला आणि सगळा इनहिबिशन गायब. कंपाउंड पाण्यात गोळे करत होतं आणि एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून बसत होतं, बस. तीस कंपाउंड आणि दीड महिना गेला, एका थेंब डिटर्जंटसाठी. तेव्हापासून माझा नियम, डिटर्जंट पहिल्या दिवसापासून बफरमध्येच, प्रत्येक हिटचा स्लोप बघायचा, एन्झाइम पाचपट वाढवून आयसी५० पळतो का ते बघायचं, आणि कंपाउंड नव्याने बनवून शुद्ध करून परत मोजायचं, कारण कधीकधी बाटलीत राहिलेला झिंक किंवा पॅलेडियमचा अंशच काम करत असतो आणि बिचाऱ्या मॉलिक्युलला श्रेय जातं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ईझेडएच२चे बहुतेक चांगले इनहिबिटर सॅमशी जागेसाठी भांडतात, म्हणजे सॅम जास्त तर आयसी५० जास्त. सॅम केएमइतका (एन्झाइम निम्म्या वेगाने चालेल इतका) ठेवला तर आयसी५० हा केआयच्या, म्हणजे कंपाउंडच्या खऱ्या पकडीच्या आकड्याच्या, दुप्पट दिसतो, दहापट ठेवला तर अकरापट. आता तुम्ही आपल्या टार्गेटचा अॅसे केएमवर चालवला आणि बाहेरून करून आणलेलं पॅनल (बाकीच्या एन्झाइमवरच्या चाचण्या) दुसऱ्याच सॅमवर चाललं असेल तर त्या टेबलातले “पट” बिनकामाचे आहेत, केआय काढून मगच तुलना करा. आणि पेशीच्या आत सॅम भरपूर असतो, म्हणून जास्त सॅमवर कंपाउंड किती ढेपाळतं ते आधीच बघून ठेवा. अजून एक खड्डा, ज्यात चांगले चांगले पडतात: वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) एन्झाइम ४ नॅनोमोलर असेल तर आयसी५० कधीच २च्या खाली जाऊ शकत नाही, कंपाउंड खरं कितीही ताकदीचं असो. मग दहा कंपाउंड एकसारखे २-२ दिसतात, टीमला वाटतं आता सुधारणा थांबली, आणि खरं तर आपली फूटपट्टीच तिथे संपलेली असते.

केमिस्ट्रीकडे फार वेळ जात नाही कारण ती प्रत्येक टार्गेटची वेगळी, पण ईझेडएच२मधली एक गंमत सांगायलाच हवी. २०१२ मध्ये तीन कंपन्यांनी पाठोपाठ आपापले इनहिबिटर छापले, एपिझाइमचं ईपीझेड००५६८७, ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचं जीएसके१२६ आणि नोव्हार्टिसचं ईआय१. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लायब्ररीतून, आणि तिघांच्याही एका टोकाला तोच मिथाइलवाला पायरिडोन, म्हणजे तीच एक छोटी रिंग! एन्झाइमला तिथे तेच हवं होतं. आणि तेव्हा पीआरसी२ची वापरण्याजोगी स्फटिक रचना कुणाकडेच नव्हती, ती २०१५-१६ मध्ये आली. म्हणून “स्ट्रक्चर नाही म्हणून प्रोजेक्ट नको” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, चांगला अॅसे आणि दर आठवड्याला प्रामाणिक आकडे असले तर केमिस्ट अंधारातही वाट काढतात. सॅमच्या जागेवर बसणाऱ्या कंपाउंडची एक भीती सगळ्यांना असते की सॅम वापरणारी शेकड्यांनी एन्झाइम आहेत, सगळी अडणार. तसं झालं नाही, कारण ह्या एन्झाइमची सॅमची खोली प्रत्येकाची वेगळ्या घडणीची निघाली. जीएसके१२६ बाकी वीस मिथाइलट्रान्सफरेजपेक्षा हजारपटीहून जास्त सिलेक्टिव्ह होतं, आणि सख्ख्या भावापेक्षा, म्हणजे ईझेडएच१पेक्षा, दीडशेपट. पॅनल लावताना म्हणून सगळ्यात जवळचा नातेवाईक आधी लावा, दूरच्या पन्नास एन्झाइमवर स्वच्छ दिसण्यात मोठेपणा नाही. हर्ग (हृदयाचे ठोके सांभाळणारं आयन चॅनल) आणि सिप (लिव्हरमध्ये औषधं मोडणारी) एन्झाइमही लवकर लावा. आणि आपल्या कंपाउंडचं एक जुळं बनवून ठेवा, दिसायला तसंच पण एका मिथाइलमुळे निकामी. पेशीत दोघांनीही सारखाच परिणाम दिला तर तो परिणाम तुमच्या टार्गेटमुळे नाही, इतकं साधं आहे.

आता पेशी. इथं घोडं पेंड खातं, आणि कारण बहुतेक वेळा घाई असते. नेहमीच्या केमोच्या सवयीने सगळे ७२ तासांचा व्हायबिलिटी अॅसे (किती पेशी जगल्या ते मोजणारा) लावतात. एपिजेनेटिक इनहिबिटरला तो लावू नका, हात जोडून सांगतो. विचार करा, तुम्ही नवीन खूण लावणं बंद केलंत, पण आधी लावलेल्या खुणा तशाच आहेत, त्या मुख्यतः पेशी विभागत जाते तसतशा पातळ होतात. एका विभागणीनंतर निम्म्या, दुसरीनंतर पाव, चौथीनंतर सोळावा हिस्सा. मग झोपलेली जीन जागी होणार, मग प्रोटीन बनणार, मग पेशी थांबणार किंवा मरणार. आमच्या ब्लॉटवर (प्रोटीन अँटिबॉडीने पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) हे डोळ्यांनी दिसायचं: पहिल्या दिवशी ट्रायमिथाइलचा पट्टा कंट्रोलइतकाच काळा, दुसऱ्या दिवशी जरा फिका, आणि चौथ्या दिवशी केसाएवढी रेघ, शेजारी एकूण एच३चा पट्टा मात्र जसाच्या तसा ठणठणीत. तोपर्यंत पेशी मात्र मजेत वाढत होत्या, मरायला लागल्या त्या साधारण सातव्या दिवसानंतर. त्याआधी एका मीटिंगमध्ये “पेशीत काम करत नाही” म्हणून हेच कंपाउंड यादीतून खोडायला निघाले होते, तिसऱ्या दिवसाच्या आकड्यावरून.

तर पद्धत अशी: खूण चौथ्या दिवशी मोजा, वाढ अकरा दिवस मोजा, मध्ये दोनदा पेशी मोजून परत पहिल्याइतक्या विरळ करा आणि ताजं कंपाउंड घाला, नाहीतर गर्दीनेच वाढ थांबते आणि आपण औषधाला श्रेय देतो. म्युटंट लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या कॅन्सर पेशी) निदान तीन घ्या, कार्पास-४२२, फायफर, डब्ल्यूएसयू-डीएलसीएल२ ह्या सगळ्यांकडे असतात, आणि तितक्याच साध्या ईझेडएच२वाल्या. एका लाइनवर जाऊ नका, शितावरून भाताची परीक्षा भातालाच ठीक. साध्या लाइनमध्येही खूण उतरायलाच हवी, पण पेशी बऱ्यापैकी जगल्या पाहिजेत, तुम्हाला हवी असलेली सिलेक्टिव्हिटी ती हीच. दोन्हीकडे सारख्याच मरत असतील तर कंपाउंड कुठेतरी भलतीकडे लागतंय. ब्लॉटसाठी हिस्टोन अॅसिडने काढा, ०.२ मायक्रॉनचा मेंब्रेन घ्या कारण एवढं छोटं प्रोटीन ०.४५मधून आरपार जातं, आणि अँटिबॉडी डायमिथाइलला किंवा एच३के९ला (एच३च्या ९व्या लायसिनवरच्या खुणेला) लागत नाही ना हे पेप्टाइडवर बघून घ्या.

ताकद आली, सिलेक्टिव्हिटी आली, तरी औषध झालं असं नाही. डॉट१एलचं पिनोमेटोस्टॅट आठवा, केआय ८० पिकोमोलर किंवा त्याहून कमी, इतरांपेक्षा ३७,००० पटीहून जास्त सिलेक्टिव्ह, कागदावर ह्याहून देखणं काय असणार, पण शरीरातून इतकं झपाट्याने निघून जायचं की पेशंटला चोवीस तास शिरेतून चालू ठेवावं लागायचं, आणि ट्रायलमध्ये एकट्याने फारसं जमलं नाही. जीएसके१२६सुद्धा शिरेतूनच, आठवड्यातून दोनदा, आणि पहिल्या फेजच्या पुढे गेलं नाही. जे एन्झाइम आठवडेच्या आठवडे दाबून ठेवायचंय त्याचं औषध तोंडाने घेता आलंच पाहिजे. एपिझाइमने ईपीझेड००५६८७ची तोंडाने न जाणारी अडचण मधला गाभा बदलून सोडवली आणि केआय २.५ नॅनोमोलरच्या टॅझेमेटोस्टॅटवर आले. त्याचाही अर्धआयुष्य काळ तीन तासांच्याच आसपास, म्हणून ८०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २०० च्या चार-चार गोळ्या. उंदरात मोजताना म्हणून रक्तातलं औषध, गाठीतली खूण आणि गाठीचा आकार ही तिन्ही एकाच प्राण्यात मोजा, खूण किती टक्के आणि किती तास खाली राहिली तर गाठ आटते हा आकडा काढा, माणसातला डोस त्यावरच बेततात. माणसाची गाठ रोज कापून बघता येत नाही, टॅझेमेटोस्टॅटच्या ट्रायलमध्ये त्यासाठी त्वचेचा छोटा तुकडा घेऊन खूण मोजली होती.

आणि तो भिंतीवरचा कागद. एप्रिल २०१८ मध्ये ट्रायलमधल्या एका लहान पेशंटला टी-पेशींचा लिम्फोमा झाला आणि अमेरिकेच्या एफडीएने नवीन पेशंट घेणं काही महिने थांबवलं, सप्टेंबरमध्ये परत सुरू झालं. पुढे मंजुरीच्या वेळी औषधाच्या लेबलवर दुसऱ्या कॅन्सरची ताकीद आली. जेनेटिक्सने आधीच बोट दाखवलेल्या ठिकाणीच हे घडलं, म्हणून टॉक्सिकॉलॉजीच्या उंदरांत थायमस (जिथे टी-पेशी घडतात ती ग्रंथी) आणि मॅरो मन लावून बघा, लांब मुदतीचे प्रयोग खर्चिक म्हणून कापू नका.

मंजुरी आली २०२० मध्ये, जानेवारीत एपिथेलिऑइड सार्कोमासाठी (मऊ ऊतींचा एक दुर्मिळ कॅन्सर) आणि जूनमध्ये फॉलिक्युलर लिम्फोमासाठी. सार्कोमाचे ६२ पेशंट, गाठ ठरलेल्या मापाने आटली १५ टक्क्यांत, म्हणजे नऊ माणसं. आकडा लहान वाटेल, पण त्या आजाराला त्याआधी स्वतःचं असं मंजूर औषधच नव्हतं. लिम्फोमात म्युटेशन असलेल्यांत प्रतिसाद ६९ टक्के, नसलेल्यांत साधारण ३५. हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्युटेशन नसतानाही तीनात एकाला फायदा झाला, कारण त्या प्रकारच्या बी-पेशीला मुळातच ईझेडएच२ची गरज असते. निवड करणारी टेस्ट औषधाबरोबरच तयार करा, पण टेस्ट निगेटिव्ह आलेल्यांना सुरुवातीलाच दार बंद करू नका.

भरपूर सिलेक्टिव्ह म्हणजे नेहमी चांगलंच असंही नाही. काही पेशींत ईझेडएच२ अडवलं की ईझेडएच१ त्याची जागा भरून काढतं, म्हणून जपानमध्ये दाइइची सांक्योने दोघांनाही धरणारं व्हालेमेटोस्टॅट केलं आणि २०२२ मध्ये तिथे ते प्रौढांच्या टी-पेशी ल्युकेमिया-लिम्फोमासाठी मंजूर झालं. टी-पेशींचं आहे बघा, जिथे वरती धोका म्हटलं तिथेच दुसऱ्या आजारात उपाय, म्हणून मी आजार-आजार वेगळा धरा म्हणतोय. तुमच्या आजारात भाऊ मदतीला येतो का हे ईझेडएच१ आणि २ एकेकटं आणि दोन्ही मिळून उडवून लीड (पुढे न्यायचं मुख्य कंपाउंड) ठरवायच्या आधीच बघा, नंतर कळलं तर केमिस्ट्री मुळापासून करावी लागते.

शेवटचं काम लीड मिळाल्याच्या आठवड्यातच सुरू करायचं, रेझिस्टन्स, म्हणजे पेशी औषधाला कशा निसटतात ते. दोन म्युटंट लाइन फ्लास्कमध्ये घ्या, कमी डोसवर चालू करा, पेशी सावरल्या की डोस दुप्पट, असं तीन-चार महिने. दर दोन आठवड्यांनी तीन व्हायल नायट्रोजनमध्ये ठेवा, प्रत्येकीवर डोस आणि तारीख. पेशी निर्धास्त वाढायला लागल्या की ईझेडएच२ सीक्वेन्स करा, औषध बसायची जागाच बदललेली म्युटेशन सापडली तर पहिल्यांदा आनंद माना, कारण तुमचं औषध पेशीत खरंच ह्याच एन्झाइमला लागत होतं ह्याचा ह्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही. मग त्याच पेशींवर ईईडीच्या खिशात बसणारा इनहिबिटर लावून बघा, तो कॉम्प्लेक्सला दुसऱ्या बाजूने धरतो, आणि पायरिडोनला न जुमानणाऱ्या पेशी त्याला पुष्कळदा ऐकतात. नाही ऐकल्या तर जुन्या व्हायल एकेक करून उघडा आणि कुठल्या पंधरवड्यात काय बदललं ते मागे मागे जात शोधा.